मशीन वाजलं ती जागा

हेलिकॉप्टर माणसांना दिसायच्या आधी बैलांना ऐकू गेलं होतं. चितऱ्यानं कान टवकारले, पाय आखडते घेतले, आणि हौश्या त्याला खेटून तिरका चालू लागला. रामलिंगनं कासरा मनगटाला आणखी एक वेढा दिला आणि वखरावर पाय दाबून धरला. तूर निघालेल्या रानात तो सकाळपासून पाळी घालत होता. बांधाच्या कडेला त्याची बायको तुळजाबाई तुराट्यांच्या पेंढ्या बांधत होती. तिनं मान वर केली तोवर माळाच्या पाठीमागून ते वर आलं. इतकं खाली, की त्याच्या पोटाखालची लांब पेटी तिला स्वच्छ दिसली. धूळ उठली, तुराट्या उडाल्या, आणि बैल उधळले.

रामलिंग वखरावरून मागं पडला, पण मनगटाचा कासरा सुटला नाही. निम्मं रान तो तसाच फरफटत गेला. कुठंतरी वखर उलटला आणि वखराची लोखंडी पास रामलिंगच्या टाचेवरून गेली. तुळजाबाई पोचली तेव्हा तो मातीत उताणा पडून आपल्या पायाकडं बघत होता, जणू पाय दुसऱ्याचा होता. तिनं त्याच्या डोक्याचा पटका सोडला आणि टाच आवळून बांधली. तेवढ्यात शिवेपर्यंत गेलेलं हेलिकॉप्टर वळून परत आलं. तिफणीनं तासाशेजारी तास धरावा तसं, पहिल्या वाटेच्या जरा अलीकडून, अगदी सरळ रेषेत. दोघांच्या डोक्यावरून ते दुसऱ्यांदा गेलं. तुळजाबाई नवऱ्याच्या अंगावर ओणवी झाली.

शेजारच्या रानातल्या शिवप्पानं मोटारसायकलवर त्याला मधी बसवून मुखेडला नेलं, मुखेडहून नांदेडला पाठवलं. जखम भरली. टाचेची शीर मात्र धड जुळली नाही. रामलिंग परत आला तो उजवा पाय फतकन टाकत. वखर त्याच्यानं होईना, पाणी धरताना तोल जाई. चितऱ्या-हौश्या दावणीला उभे राहिले आणि रान शिवप्पाकडं बटईनं, अर्ध्या वाट्यानं गेलं.

तलाठी पंचनाम्याला आले त्या दिवशी बोरमाळचे सरपंच शेषेराव त्यांच्या सोबत होते. त्या हेलिकॉप्टरचं कळवणं तहसिलीतून आधीच आलं होतं : जमिनीतल्या किरणांची पाहणी आहे, विमान खालून उडंल, घाबरू नये, जनावरं बांधून ठेवावीत. तलाठ्यानं विचारलं, दवंडी दिली होती का? शेषेराव त्या आठवड्यात लातूरला पाण्याच्या जारचं नवं यंत्र बघायला गेले होते आणि तहसिलीचा निरोप त्यांच्या डोक्यातून पार गेला होता. पण तसं ते कसं म्हणतील?

"दवंडी तर दिली साहेब," ते म्हणाले. "सगळ्या गावानं ऐकली. रामलिंगअप्पा जरा घेतलेले होते, म्हून त्यांना ऐकू आली नसंल."

रामलिंगच्या अंगणात दहा-पंधरा माणसं होती. कोणीतरी हसलं. रामलिंग बाजेवर उठून बसला. त्याच्या गळ्यात लहानपणापासून इष्टलिंग होतं आणि दारूचा थेंब त्याच्या जिभेला लागलेला नव्हता, हे हसणाऱ्यालाही ठाऊक होतं.

"सरपंच, मी पीत न्हाई," तो म्हणाला.

"पिणारे सगळे असंच म्हणतात, अप्पा," शेषेराव म्हणाले, आणि तलाठ्याला चहाला घेऊन गेले.

सरकारची मदत मिळाली नाही, त्याचं तुळजाबाईला फारसं काही वाटलं नाही. पण ते वाक्य गावात राहिलं. पिठाच्या गिरणीवर, टपरीवर, एसटीच्या थांब्यावर. पोरं त्याची चाल काढून दाखवत आणि वर बाटली तोंडाला लावल्यासारखं करत. मठातल्या पंगतीत दरसाल आमटीची बादली रामलिंगच्या हातात असायची. या साली पंगतीचं बघणाऱ्या वीरण्णानं ती हातातून हळूच काढून घेतली. तुमी बसा अप्पा, पाय दुखंल, म्हणाला. पायाची काळजी असती तर वीरण्णानं डोळे चुकवले नसते. रामलिंग बसला, जेवला, घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजला. त्यानंतर तो मठात गेला नाही.

गावात दवंडी देणाऱ्या कोतवालाला तुळजाबाईनं गिरणीमागं गाठलं. त्यानं कबूल केलं, सरपंचानं आपल्याला दवंडीचं काही सांगितलंच नव्हतं. पण चारचौघांत हे बोलणार नाही, म्हणाला, नोकरी त्यांच्या हातात. तुळजाबाईनं त्याला दोष दिला नाही. घरी येऊन ती तांदूळ निवडत बसली. एकेक खडा काढताना तिच्या मनात एकच चालू होतं. शेषेरावच्या तोंडातून आपल्या माणसाचं नाव जसं गेलं, तसं त्याचं जावं. एका वाक्यानं. त्यालाही ते पुसता येऊ नये.

उन्हाळा लागता लागता जीप आली. वरून हेलिकॉप्टरनं पाहिलं, आता त्यातल्या काही जागा पायानं फिरून बघायच्या होत्या. दोन माणसं आणि समीक्षा नावाची एक पोरगी. पोरगी लातूरची, शिकून सरकारी नोकरीला लागलेली, साधी, बोलकी. त्यांना माळाच्या वाटा दाखवायला आणि माती-दगडाच्या पिशव्या उचलायला कोणीतरी हवं होतं. तुळजाबाई गेली. रोजासाठी गेली असं गावाला वाटलं.

समीक्षाच्या हातात इस्त्रीएवढं एक मशीन होतं. काळ्या रानात ते अधूनमधून टिक् करी, पाल चुकचुकावी तसं. माळ चढू लागलं की टिकटिक वाढे. तुळजाबाईनं विचारलं, यात काय बोलतंय? पोरीनं आढेवेढे न घेता सांगितलं. दगडात जन्मापासून थोडे किरण असतात. आपल्या काळ्या मातीत कमी, हिच्याखालच्या तांबड्या दगडात जास्त. माणसाच्या हाडात असतात, केळीत असतात. माणसानं कारखान्यात नाहीतर बॉम्बनं तयार केलेले वेगळे. हेलिकॉप्टरमधून दोन्हींचा नकाशा काढतात, कुठं काय नि किती. इथं माणसानं केलेलं काही नाही, जे आहे ते देवानं घातलेलं.

"मंग त्यानं काही होतंय का?" तुळजाबाईनं विचारलं.

"इतक्यानं काय होणार मावशी? पिढ्यान् पिढ्या राहिलेत की लोक."

रस्त्याकडेला, जिथं माळाचा तांबडा दगड उघडा पडला होता, तिथं शेषेरावची बोअर होती आणि शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये जारचा प्लँट. आजूबाजूच्या गावांना त्याचं थंड पाणी जाई. लग्न म्हणू नका, तेरावं म्हणू नका, टेम्पो सारखा चालू. तिथं पोचल्यावर मशीन गच्च वाजू लागलं, एकात एक टिकटिक मिसळून. तुळजाबाईनं डोक्यावरची पिशवी खाली ठेवली.

शेषेराव लगबगीनं बाहेर आले. खुर्च्या टाकल्या, गार पाण्याचे गिलास भरले. समीक्षानं दगड जास्त बोलतोय एवढं सांगून एक गिलास घटाघट प्यायला आणि दुसरा मागितला. मग एका बाटलीत बोअरचं पाणी भरून घेतलं, ऊन लागतंय म्हणून तोंडाला रुमाल बांधला आणि पुढं निघाली. तुळजाबाईला कोणी पाणी विचारलं नाही. ती पिशवी उचलून मागोमाग चालू लागली. ऊन तिला लागत नव्हतं. हातात काहीतरी आल्यासारखं वाटत होतं.

मुखेडच्या बाजारात तिनं ते सोडलं. गर्दीत नाही, गलका करून नाही. जांब रस्त्याच्या वस्तीवरच्या दोन ओळखीच्या बायका मिरच्या निवडत होत्या. त्यांच्या शेजारी ती बसली आणि त्यांनी विचारायची वाट बघितली. त्यांनी विचारलं, तुमच्या गावात ते जीपवाले काय करून राहिलेत?

"जमिनीत विषारी किरण हायेत का बघून राहिले," ती म्हणाली. "सगळ्या शिवारात मशीन जेमतेम टिकटिक करी. शेषेरावच्या बोअरपशी जे वाजाय लागलं ते थांबंना."

"आगं बाई. मंग?"

"मला काय कळतंय. पर त्या पोरीनं पाणी बाटलीत भरलं, झाकण लावलं अन् तोंडाला रुमाल बांधला."

यातला विषारी एवढा शब्द तिच्या पदरचा होता. बाकी सगळं तिनं बघितलेलं सांगितलं. पोरीनं प्यायलेले दोन गिलास आणि रुमालामागचं ऊन मात्र ती गिळून बसली.

बाजार उठायच्या आत ते चार गावांना गेलं. आठवडाभरात जार परत येऊ लागले. एका लग्नाची मोठी ऑर्डर मोडली. शाळेतल्या मास्तरांनी जार बंद केला. शेषेराव आधी हसले, मग चिडले. टपरीवर उभं राहून स्वतःच्या जारचं पाणी चारचौघांत प्यायले. लोकांनी बघितलं आणि जाग्यावरून हलले नाहीत. पाणी चांगलं असल्याचा सरकारी कागद आला, तो त्यांनी शेडच्या दाराला लावला. लोक म्हणाले, सरपंचाला कागद मिळायला काय लागतंय? बायका पुन्हा पांढरीच्या, गावठाणातल्या जुन्या विहिरीवर जाऊ लागल्या. तिथला उतार वाईट, पाणी खोल, येताना छाती फुटे. तुळजाबाईही घागर घेऊन जाई. पाठ मोडे, पण तिला ते जड वाटत नसे. मुद्दाम वाट वाकडी करून ती शेडवरून येई. टेम्पो उभाच. शेषेराव खुर्चीवर. त्याची दाढी वाढलेली, मांडीवर हात पसरलेले. ते बघितलं की तिला त्या दिवशी भाकर गोड लागे.

शेषेरावचा मुलगा सुदर्शन प्लँट बघायचा. तो कंटाळून लातूरला एका दालमिलमध्ये लागला. जाताना बापाला म्हणाला, इथं आता कुत्रं पाणी पिणार नाही. हे वाक्यही गावात राहिलं. तुळजाबाईनं ते ऐकलं तेव्हा ती शेणी थापत होती. तिनं भिंतीवर शेणी जोरात मारली.

रामलिंगच्या कानावर सगळं आलं होतं. एका दुपारी त्यानं विचारलं, बाजारात काय बोललीस? खरं तेच बोलले, ती म्हणाली. सगळं बोललीस का, त्यानं विचारलं. तिनं चुलीत लाकूड सारलं आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसले. मग म्हणाली, त्यानं तुमचं सगळं सांगितलं होतं का?

रामलिंग उठला. काठी घेऊन बैलांकडं गेला.

त्यांची लेक पुनम अर्धापूरकडं दिलेली. घरचा केळीचा बाग, माणसं बरी. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ठरलेलंच होतं. तुळजाबाईनं बाज विणून घेतली, डिंक आणून ठेवला, कोपऱ्यातली जागा सारवली. न्यायचा दिवस ठरवायला फोन केला तर जावई तुटक बोलला, आईशी बोला म्हणाला. विहीणबाई शिवकांता फोनवर आल्याच नाहीत. मग तुळजाबाई एसटी धरून स्वतः गेली.

शिवकांताबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, आदरानं बसवलं. आणि सांगितलं, पुनमला पाठवणार नाही.

"तुमचा राग न्हाई, विहीणबाई. पर तुमच्या गावच्या पाण्यात किरण हायेत म्हणतात. पोटातल्या लेकराला धोका कामून घ्यायचा?"

"तसं काही न्हाई हो. समदी अफवा हाय."

शिवकांताबाईंनी पदर नीट केला. "मुखेडला आमची बहीण दिली हाय. तिच्या शेजारणीनं तुमच्या तोंडून ऐकलं. तुमी मिरच्यांपशी बसला होता."

तुळजाबाईच्या हातातला चहा निवत गेला. पुनम दाराआड उभी होती, पोट पुढं आलेलं, चेहरा उतरलेला. तुळजाबाईनं घाईघाईनं सगळं सांगायला घेतलं. दगडात किरण जन्माचेच असतात, त्या पोरीनंच सांगितलं, ती स्वतः दोन गिलास पाणी प्यायली. माणसाच्या हाडात असतात. "केळीत बी असतात. तुमच्या बागंत बी हायेत."

 शिवकांताबाईंच्या नवऱ्यानं बाहेर पेपर घडी करून ठेवला.

"हे इथं बोललात," शिवकांताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बाहेर बोलू नका. आमचा माल हैद्राबादला जातोय. हात जोडते."

निघताना पुनम फाटकापर्यंत आली. तिनं एवढंच विचारलं, आई, मी आपल्या गावचंच पाणी पिऊन वाढले. माझ्या लेकराला काही होईल का? तुळजाबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि काही होणार नाही अशी शपथ घेतली. पोरीनं मान हलवली. पण तिच्या डोळ्यांत भीती तशीच राहिली, आणि ती भीती आपण मिरच्यांच्या ढिगापाशी बसून पेरली हे तुळजाबाईला गाडीत खिडकीपाशी बसल्यावर नीट कळलं. भोकरफाटा गेला, नांदेड गेलं. ती कोणाला तरी शिव्या द्यायला शोधत होती, आणि सगळ्या शिव्या फिरून शेषेरावपाशीच जात होत्या. त्यानं सुरू केलं. त्यानंच.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर गेली. शेषेराव खुर्चीतून उठले नाहीत.

"ग्रामसभा हाय सोमवारी," ती म्हणाली. "तिथं मी सांगते, पाणी चांगलं हाय. त्या पोरीनं माझ्यादेखत पिलं. पर आधी तुमी सांगा. दवंडी दिली न्हवती अन् माझा माणूस पिलेला न्हवता."

"आधी तुमी सांगा, वैनी."

"मंग ऱ्हाऊ द्या."

ती वळली. शेडच्या सावलीतून बाहेर पडायच्या आत त्यांनी हाक मारली. त्यांच्या आवाजातला माणूस वाकलेला तिला ऐकू आला, आणि पोरीच्या दुःखातसुद्धा तिला त्याची गोडी लागली.

सोमवारी पंचायतीसमोरच्या लिंबाखाली गाव जमलं. रामलिंगला तिनं हट्टानं नेलं होतं. धुतलेलं धोतर, नवा पटका. पुढं बसवलं. शेषेराव उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, ते तिनं सांगितलेलं नव्हतं. दवंडी द्यायची राहून गेली, म्हणाले. तलाठ्यासमोर मी खोटं बोललो. रामलिंगअप्पा पीत नाहीत, कधी प्यायले नाहीत. माझी चूक झाली.  तुळजाबाई एकेक शब्द दाताखाली फोडल्यासारखा ऐकत होती. हेच तर तिला पाहिजे होतं.

मग सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. गप्प बसावं, असं तिला फार वाटलं. त्याचं बोलून झालं होतं. त्याला असंच उघडं उभं ठेवून घरी जाता आलं असतं. ती गप्प राहिली, इतकी, की शेषेरावनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत भीती होती. ती भीती तिनं डोळे भरून बघून घेतली आणि मग उठली.

पाणी चांगलं आहे, ती म्हणाली. मशीन दगडामुळं वाजलं. जीपवाल्या पोरीनं दोन गिलास पाणी माझ्यासमोर पिलं. ते मी सांगितलं नाही. रागानं सांगितलं नाही.

लोक ऐकत होते. कोणी तोंडातली सुपारी हलवली, कोणी पोराला मांडीवर घेतलं. मग पाठीमागून वीरण्णा बोलला, अगदी समजूतदारपणे.

"झालं म्हणायचं तुमचं मिटलं एकदाचं."

दुसरा म्हणाला, हां, बसून ठरवलं असंल दोघांनी. त्यांनी त्यांचं मिटवलं, यांनी यांचं. शेडवर दोघं बोलत होती परवा, मी बघितलं. माणसं हसली. वाईट नव्हती हसली, उलगडा झाल्यासारखी हसली. म्हणजे अप्पा पीत होते ते होतेच, आणि पाण्यात आहे ते आहेच, फक्त सरपंचानं नि तुळजाबाईनं एकमेकांचं झाकलं. तुळजाबाई गळ्यातल्या लिंगाची आण घेऊन बोलली. शेषेराव ओरडून बोलले. जितकं बोलले तितकं लोकांना खरं वाटलं की हे ठरवून चाललंय.

"तुमच्यात काय ठरलं ते आमाला कशाला?" शिवप्पा म्हणाला. त्याच्यासारखा माणूस, ज्यानं रामलिंगला गाडीवर बसवून नेलं होतं. "पाणी आपलं विहिरीचं बरं."

सभा दुसऱ्या विषयावर गेली. रामलिंग काठी टेकून उठला. वाटेत कोणी त्याला अडवलं नाही, कोणी हात जोडले नाहीत. फतक, फतक करत तो गर्दीतून बाहेर पडला. तुळजाबाई त्याच्या मागं चालली. घरी गेल्यावर त्यानं पटका सोडून खुंटीला लावला आणि म्हणाला, त्याच्या तोंडून खरं निघालं होतं. तुझ्यामुळं ते वाया गेलं. आवाज चढवून नाही बोलला. ती उंबऱ्यावर बसली ती अंधारून येईपर्यंत.

पुनमला सासरीच मुलगा झाला. धडधाकट, पाच बोटांचा. तुळजाबाईला फोनवर कळलं. बारशाला बोलावणं आलं, वर निरोपही होता की येताना खायचं-प्यायचं काही आणू नका. डिंक कोपऱ्यात डब्यात तसाच राहिला.

ज्येष्ठ लागला तरी पाऊस नव्हता, आणि जुन्या विहिरीनं तळ दाखवला. बायका गढूळ पाण्यासाठी ओळीनं उभ्या राहू लागल्या. त्यांना बघून तुळजाबाईनं घागर उचलली आणि दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या समोरून, शेषेरावच्या बोअरकडं चालू लागली. शेषेराव शेडच्या सावलीत होते. त्यांनी काही विचारलं नाही. उठून मोटार चालू केली आणि परत जाऊन बसले. त्या तोटीवर आता दोनच घरं पाणी भरत होती, त्यांचं आणि तिचं. पलीकडून ओळीतल्या बायका बघत होत्या. मिटलंय दोघांचं, त्या एकमेकींना सांगत असणार.

मिटलं नव्हतं. त्याच्याकडं पाठ करून ती वाकली, घागर लावली. भरेपर्यंत थांबवेना म्हणून ओंजळ धरली आणि तोंडाला लावली. पाणी गार होतं, गोड होतं. शिवारात असं पाणी कुठं नव्हतं, आणि तेच तिच्या घशाखाली उतरेना.